तेरा नंबरची हजेरी

कळंबच्या गाडीनं त्या दिवशीही दगा दिला. येरमाळ्याच्या अलीकडं टायर बसला, कंडक्टर खाली उतरून निवांत तंबाखू मळत उभा राहिला, आणि श्रावस्ती माळावरच्या विद्यापीठात पोचली तेव्हा बारा वाजून गेले होते.

धाराशिव गाव संपून नुसता माळ लागतो तिथं ही दोन मजली इमारत आहे. भर दुपारी तिथं चिटपाखरू नसतं. ऑक्टोबरचं ऊन नुसतं अंगावर येतं, वारा मोकळ्या व्हरांड्यातून घुसतो आणि कुठलं तरी एक दार सारखं आपटत राहतं. सगळा वर्ग पलीकडच्या इमारतीत लेक्चरला बसलेला असतो, त्यामुळं त्या वेळी लॅबच्या मजल्यावर एकटीनं चालायचं म्हणजे स्वतःच्या चपलेचा आवाजसुद्धा दुसऱ्या कुणाचा वाटतो.

पण जाणं भाग होतं. इथं हजेरी मास्तर घेत नाहीत, संगणक घेतो. साडेबाराच्या आत लॅबमध्ये जाऊन आपल्या नावानं लॉगिन करायचं, तरच त्या दिवशी तुम्ही आलात. गावातली आणि होस्टेलची पोरं सकाळी दहालाच उरकून घेत. जीव टांगणीला असायचा तो फक्त बसच्या पोरांचा.

लॅबचं दार सताड उघडं होतं. आत कुणी नव्हतं. तीस संगणक लाल फडक्यांखाली झाकून ओळीनं बसलेले, फक्त खिडकीपासच्या तेरा नंबरचं फडकं बाजूला होतं आणि पडदा चालू होता. बरं झालं म्हणत श्रावस्ती तिथंच टेकली, आणि टेकल्या टेकल्या दचकली. खुर्ची गरम होती.

तिनं पडद्याकडं पाहिलं. नाव – विशाखा. आत आल्याची वेळ – बारा वाजून पाच.

तिनं मनातल्या मनात वर्ग मोजला. बावीस जण. तीन आठवड्यांत सगळ्यांची नावं पाठ झालेली. त्यात विशाखा कुणीच नव्हती...

"तिथं बसू नका."

श्रावस्ती झटकन उठली. दारात एक मुलगा उभा होता. होस्टेलवर राहणारा, शेवटच्या बाकावर बसणारा, वर्गात कधी तोंड न उघडणारा. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि चेहरा असा की जणू तोच घाबरलाय.

"का? कुणाची जागा आहे ही?"

"आहे... कुणाची तरी."

"विशाखा कोण?"

त्यानं सात नंबरकडं बोट केलं. मग म्हणाला, "तुम्ही सातवर बसा. सातचा की-बोर्ड लई चांगला आहे."

हे काही उत्तर नव्हतं. पण घड्याळात बारा वाजून बारा झाले होते, म्हणून ती मुकाट्यानं सातवर गेली. पासवर्ड टाकायला बोटं उचलली, तर शेजारी येऊन उभा राहिलेल्या त्या मुलानं चटकन मान फिरवली आणि खिडकीबाहेरच्या लिंबाकडं बघायला लागला. आतल्या खोलीत कुणी साडी नेसत असावं तसा. श्रावस्तीला हसू आलं. वर्गातली बाकीची पोरं कसली वस्ताद! मान वाकडी करकरून बोटं बघत.

"झालं," ती म्हणाली. "फिरवा मान."

"नाव काय तुमचं?"

"श्रावस्ती."

तो हसला. घाबरलेला चेहरा एकदम उजळला, आणि गालाला खळी पडते हे तिला तेव्हा कळलं.

"हसायला काय झालं?"

"काही नाही. माझं नाव प्रसेनजित." थोडं थांबून, लिंबाकडंच बघत त्यानं विचारलं, "प्रसेनजित राजा राहायचा कुठं, माहीत आहे?"

आता श्रावस्तीला हे माहीत नसेल होय! तिच्या वडिलांनी, आबारावांनी, ती पाच वर्षांची असतानाच मांडीवर बसवून सांगितलं होतं – कोसल देशाचा राजा प्रसेनजित, आणि त्याची राजधानी श्रावस्ती, तिथं बुद्धांनी कितीतरी पावसाळे काढले. त्यावरूनच तर तिचं नाव. पण पहिल्याच भेटीत लगेच उत्तर देईल ती श्रावस्ती कसली?

"मला काय ठाऊक! राहत असेल वाड्यात," ती म्हणाली आणि ओढणी सावरत चालती झाली.

दारात बलभीम मामा भेटले. लॅबचे शिपाई, हातात पाण्याची बाटली आणि काखेत ती लांबट वही. पहिल्या दिवशी त्यांनी बसच्या सगळ्या पोरांकडून त्या वहीत चार रकाने भरून घेतले होते.

"आलीस व्हय बाई?" मामा जरा गडबडले. "मला वाटलं गाडी न्हाय आज."

*

शरणबसप्पा सर उमरग्याचे. आवाज खणखणीत, शिस्त कडक, आणि शिकवायला लागले की माहिती-सुरक्षेसारखा रुक्ष विषयसुद्धा गोष्टीसारखा उलगडायचा.

"मी कोण हे सांगणं सोपं आहे रे अप्पा," ते म्हणाले. "कुणीही येऊन म्हणेल मी अमका. पटवणं अवघड. तीन रीती आहेत पटवायच्या. तुला जे ठाऊक आहे ते, तुझ्याजवळ जे आहे ते, आणि तू स्वतः. यंत्राला तिसरी रीत कमी कळते. म्हणून ते पासवर्डवर विश्वास ठेवतं. ज्याला पासवर्ड ठाऊक, तोच तो माणूस. मग खुर्चीत कुणीही असो... किंवा कुणी नसो."

वर्ग हसला. श्रावस्ती हसली नाही.

"आणि माणूस निघून गेला, की त्याचं खातं त्याच दिवशी बंद करायचं. खातं उघडं राहिलं म्हणजे दार उघडं राहिलं. त्यातून कोण आत येईल सांगता येत नाही."

मागच्या बाकावर पेन पडल्याचा आवाज आला. तिनं वळून पाहिलं. प्रसेनजित पेन उचलायला वाकला होता, आणि बराच वेळ वाकूनच राहिला होता.

सरांनी काम दिलं. लॅबच्या सर्व्हरमध्ये कोण कधी आत आलं, कोण कधी बाहेर गेलं याची नोंद असते – लॉग. दोघादोघांनी मिळून महिन्याभराचा लॉग वाचायचा, त्यात वावगं काय दिसतं ते शोधायचं आणि शनिवारी अहवाल द्यायचा. जोड्या सरांनीच लावल्या, आणि श्रावस्तीच्या वाट्याला आला शेवटच्या बाकावरचा राजा.

मग रोज तीन ते पाच दोघं सात नंबरवर. बाहेर परतीचा पाऊस कधी शिंतडायचा, कधी नुसताच गडगडायचा. लॅबच्या खिडकीतून ओल्या मातीचा आणि कापलेल्या सोयाबीनचा वास यायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. ती पासवर्ड टाकायला लागली की तो मान फिरवायचा. रोज, न चुकता.

"त्या लिंबाची पानं मोजून झाली का नाही तुझी?"

"अर्धी झाली. तू हळू टाईप करतेस ना, त्यामुळं जरा सवड मिळते."

"हळू? मी?"

"आता सांग... प्रसेनजित राजा राहायचा कुठं?"

"इतिहास माझा कच्चा आहे," ती म्हणायची आणि मान खाली घालून नोंदी वाचायला लागायची. कान मात्र तापायचे.

गुरुवारी मात्र थट्टा थांबली.

नोंदी वाचता वाचता तिचं बोट एका नावावर थबकलं. विशाखा. बारा वाजून पाच, यंत्र तेरा. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. रविवार सोडला तर महिनाभर एकही दिवस चुकला नव्हता. आणि मग आठ तारीख आली. विशाखा, बारा वाजून पाच, यंत्र तेरा. तिच्या खालची ओळ – श्रावस्ती, बारा वाजून सात, यंत्र तेरा.

श्रावस्तीनं ती ओळ पुन्हा वाचली.

"आठ तारखेला मी आलेच नव्हते," ती हळूच म्हणाली. "मी तापानं फणफणलेली... कळंबला, घरी. आई कपाळावर पट्ट्या ठेवत होती माझ्या."

तिनं आणखी खाली पाहिलं. चौदा तारखेला पुन्हा. गाडी बंद पडून ती येरमाळ्याहूनच परतली होती त्या दिवशी. विशाखा, आणि तिच्या खाली श्रावस्ती. वरचा पंखा फिरत होता तरी तिच्या मानेवर घाम आला.

"कोण आहे ही विशाखा? वर्गात नाही, यादीत नाही... आणि हिच्या मागोमाग मी? मी इथं नसताना?"

"घाबरू नको," तो म्हणाला. "ती काही करत नाही कुणाला."

"ती? ती कोण?"

पंखा कुरकुरत होता. प्रसेनजितनं दोन्ही तळवे टेबलावर ठेवले.

"माझी ताई. दोन वर्षांपूर्वी याच वर्गात होती. येरमाळ्याहून बसनं यायची. एका दिवशी बस बंद पडली, तर ती कुणाच्या तरी जीपला हात करून निघाली. येडशीच्या उतारावर जीप उलटली... तिथंच गेली ती." तो तळव्यांकडंच बघत होता. "लई संथ होती गं. आंघोळीला तास, जेवायला तास. आई ओरडायची, ही हसायची. जन्मात कधी घाई केली नाही तिनं. त्याच दिवशी कशी केली कुणास ठाऊक."

श्रावस्तीनं आपली खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"म्हणून बाबांनी मला होस्टेलवर ठेवलं. बसनं जायचं नाही म्हणाले. पहिल्याच आठवड्यात दुपारी इथं आलो, तर तेरावर तिचं नाव. आमच्या घरात देव नाही, भूत नाही. बाबांना कळलं तर चप्पल काढतील. मलाही कळतंय की कुणीतरी ते करतंय. पण..." तो थांबला. "मी रोज मुद्दाम पाच मिनिटं उशिरा येतो श्रावस्ती. आधी आलो तर कोण ते दिसेल ना. मग ती परत जाईल."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण त्याच क्षणी पडद्यावरचं स्वतःचं नाव दिसलं, मेलेल्या मुलीच्या खालोखाल.

"आणि माझं नाव? ते कोण लिहितंय? उद्या माझ्या खाली तिसरं कुणाचं येईल?"

"नको शोधू. हात जोडतो. अहवालात दुसरं काहीही लिहू."

"तुझी ताई तुला रोज भेटते म्हणून मी रोज भीत बसू? असं कसं चालेल?" ती ताडकन उठली. मग दारात थांबली. आवाज खाली आला. "उद्या पावणेबाराला मी इथं येऊन बसणार आहे. तुला यायचं तर ये. नाही आलास तरी मी तुझ्यावर रागावणार नाही... पण मी बघणार."

त्या संध्याकाळी बसमध्ये ती खिडकीशी बसली. येरमाळ्याच्या डोंगरावर पवनचक्क्यांची पाती तांबड्या उजेडात संथ फिरत होती. ज्या मुलानं एवढे दिवस आपला पासवर्ड बघितला नाही, त्याच्याच घरातलं झाकलेलं दार आपण उघडायला निघालोय, हे तिला कळत होतं. उद्या तो आलाच नाही तर? आणि आला, आणि नंतर आपल्याशी बोललाच नाही तर? एवढ्यातच हा मुलगा आपल्याला इतका जवळचा कधी झाला, असं तिनं स्वतःला विचारलं आणि तिचं तिलाच रडू आलं.

*

शुक्रवारी तिनं पहाटेची पहिली गाडी धरली. हजेरी मुद्दाम लावली नाही. पावणेबाराला लॅबमध्ये शिरून ती शेवटच्या रांगेमागं, भिंतीला पाठ लावून फरशीवर बसली. बारा वाजायला पाच मिनिटं होती तेव्हा दार हळूच किलकिलं झालं आणि प्रसेनजित आत आला. चेहरा पांढराफटक. तो तिच्याशेजारी बसला. आज तो उशिरा आला नव्हता, आणि ते त्याला किती जड गेलं असेल ते तिला न सांगता समजलं.

घड्याळ टिकटिक करत होतं. कुठलं तरी दार आपटत होतं. लाल फडकी वाऱ्यानं किंचित हलत होती, एकेका यंत्रानं श्वास घ्यावा तशी.

बारा वाजले. बारा वाजून दोन. बारा वाजून चार...

पावलं वाजली. फरफटत, दमानं येणारी. फडकं काढल्याचा आवाज. खुर्ची कुरकुरली. मग एका बोटानं दाबलेली बटणं. टक... टक... टक...

"विशाखा," कुणीतरी पुटपुटलं. "आली गं बाई. बस."

प्रसेनजितनं तिचा हात घट्ट धरला. त्याची बोटं बर्फासारखी गार होती.

टक... टक...

"श्रावस्ती. हीबी आली. बस गं."

स्वतःचं नाव असं त्या रिकाम्या खोलीत ऐकलं आणि श्रावस्तीला राहवेना. ती उभी राहिली.

"आग्गं माय!"

काहीतरी धप्पकन खाली पडलं. तेरा नंबरच्या खुर्चीत बलभीम मामा बसले होते. फरशीवर ती लांबट वही उघडी पडली होती. मामा खिडकीच्या झगझगीत उजेडातून तिच्याकडं डोळे बारीक करून बघत होते.

"विशाखा? ...आलीस व्हय, बाई?"

"मी श्रावस्ती आहे मामा. कळंबची."

मामांनी डोळ्यांवरून हात फिरवला. श्रावस्तीनं वही उचलली. बसच्या पोरांची यादी. नाव, गाव, गाडी... आणि चौथा रकाना. 'कुलूप.' त्यात तिच्याच अक्षरात तिचाच पासवर्ड. पहिल्या दिवशी मामा म्हणाले होते, 'हितं तुमचं कुलूप लिवा', आणि तिनं फॉर्मचाच काहीतरी भाग समजून बिनदिक्कत लिहून दिलं होतं. माहिती-सुरक्षा शिकायला आलेली पोरगी! आता हसावं की कपाळाला हात लावावा?

"मामा, सगळ्या बसवाल्यांची हजेरी तुम्ही लावता?"

"गाडी न्हाय आली तर लावतो. बारापस्तोर वाट बघतो, मग लावतो." मामांनी मान खाली घातली. "ल्येकरांनी जिवाची घाई करू न्हाय."

"आणि विशाखा?"

मामांनी तेरा नंबरच्या पडद्याकडं पाहिलं.

"त्या दिशी तिनं फोन केलता. गाडी बंद पडली मामा, तेवढी हजेरी लावा. तिचं कुलूप व्हतं माझ्यापाशी, आदी दोनदा लावलीबी व्हती. पर त्याच हप्त्यात सायबांनी मला झापलं व्हतं. म्या म्हनलं, रोज रोज न्हाय लावनार, यायचं तर ये टायमावर. ती म्हनली, बरं मामा, येतेच मी." त्यांनी धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं. "येतेच म्हनली. आन निगाली जीपनं. माझ्या एका शब्दापायी निगाली. आता तिची हजेरी म्या कशी थांबवू, सांगा तुमी? ती तर येतेच म्हनली व्हती..."

शेवटच्या रांगेमागून प्रसेनजित उठला. तो सावकाश पुढं आला.

"मामा, मी तिचा भाऊ."

म्हातारा खुर्चीतून घसरून खाली फरशीवरच बसला. हात जोडले. प्रसेनजितनं श्रावस्तीच्या हातातून वही घेतली, मागची पानं चाळली. दोन वर्षांपूर्वीचं पान. ताईचं अक्षर – तिरकं, मोठ्ठं, सावकाश काढलेलं. विशाखा. येरमाळा. सातची गाडी. आणि कुलपाच्या रकान्यात इंग्रजी अक्षरांत – धाकटा राजा.

त्यानं वही छातीशी धरली आणि तो हमसून हमसून रडला. भुताची वाट बघताना महिनाभर जे रडला नव्हता ते सगळं. श्रावस्ती नुसती त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

मग तो मामांजवळ खाली बसला, त्यांचे जोडलेले हात त्यानं सोडवले.

"तुमच्यामुळं नाही मामा," तो म्हणाला. "ताईला घाईची सवयच होती. लहानपणापासून. तुम्ही काहीही म्हणाला असतात तरी ती निघालीच असती."

श्रावस्तीनं चटकन तोंड फिरवलं आणि लिंबाकडं पाहिलं. कालच त्यानं सांगितलेलं तिला शब्दन् शब्द आठवत होतं. आंघोळीला तास, जेवायला तास. या मुलावर आपलं प्रेम आहे, हे तिला त्या वेळी पक्कं कळलं, आणि त्यात आता शंकेला जागा उरली नाही.

*

अहवालात त्यांनी खरं तेच लिहिलं. सरांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"साडेबाराचा नियम मी केला," ते शेवटी म्हणाले. "बलभीमला झापलं तेही मीच. महिनाभराचा लॉग तुम्हाला वाचायला दिला, आणि दोन वर्षं मी स्वतः वाचला नाही. लेखी समज मिळायची असेल तर बलभीमला आणि मला, दोघांनाही मिळू दे, मी संचालकांना तसं सांगतो." मग खाकरून म्हणाले, "बसच्या पोरांची वेळ सोमवारपासून दीडपर्यंत. आणि ती वही आत्ताच्या आत्ता जाळा."

वही इमारतीमागं जाळली. त्याआधी सरांनी एक पान स्वतःच्या हातानं फाडून प्रसेनजितच्या खिशात ठेवलं. मामा ज्वाळेकडं बघत उभे होते. बसच्या पोरांनी रांगेत बसून पासवर्ड बदलले, आणि प्रत्येकाच्या वेळी मामा पाठ करून उभे राहिले.

राहिलं एक काम. जुनं खातं बंद करायला दोघांची संमती लागते, एकट्याच्या हाती तो अधिकार ठेवत नाहीत, असा सरांचाच धडा होता. एक तुझी, दुसरी कुणाची, असं त्यांनी प्रसेनजितला विचारलं. त्यानं नुसतं श्रावस्तीकडं पाहिलं.

पडद्यावर प्रश्न आला. हे खातं कायमचं बंद करायचं का?

प्रसेनजितचं बोट बटणावर थांबलं. खालीच जाईना. श्रावस्तीनं आपला हात त्याच्या हातावर ठेवला, घाई न करता, आणि दोघांनी मिळून ते बटण दाबलं. विशाखाचं नाव यादीतून गेलं.

"पोचली," तो म्हणाला. एवढंच.

*

सोमवारी कळंबची गाडी पुन्हा उशिरा. पण आज श्रावस्ती धावली नाही. सावकाश जिना चढून ती लॅबमध्ये आली तेव्हा बारा वाजून पाच झाले होते. मामा रजेवर होते. वर्ग लेक्चरला. तीस संगणक, तीस लाल फडकी, सगळी जागच्या जागी.

खिडकीशी प्रसेनजित उभा होता.

"तू लवकर आलास," ती म्हणाली.

"हं. आता उशिरा यायचं कारण नाही." त्यानं तेराकडं पाहिलं. "बस तिथंच. रिकामी ठेवली तर मला करमायचं नाही."

तिनं फडकं काढलं, ती बसली, आणि तशीच थांबली.

"प्रसेनजित... तू बसला होतास इथं?"

"नाही. मी आल्यापासून उभाच आहे. का?"

"खुर्ची गरम आहे."

मजल्यावर दुसरं कुणी नव्हतं, आणि खिडकीत ऊन तर चारनंतर येतं. वारा आला, फडकी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलली आणि थांबली. भीती वाटायला हवी होती. पण श्रावस्तीला वाटलं, कुणीतरी आपल्यासाठी जागा धरून ठेवली होती आणि आत्ताच सावकाश, मुळीच घाई न करता उठून गेलं.

"तुझी ताई लई संथ होती म्हणालास ना," ती हळूच म्हणाली.

"हो." त्याचे डोळे भरले होते, पण गालाला खळी पडली. "निघते निघते म्हणून तासभर निघायची नाही."

तिनं संगणक सुरू केला. नाव टाकलं. पासवर्डची चौकट आली तसा तो नेहमीसारखा वळला, लिंबाकडं.

"प्रसेनजित."

"हं?"

"इकडं बघ."

"आधी पासवर्ड टाक."

"पासवर्ड नको बघू रे. मला बघ."

तो वळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यानं तिच्याकडं असं सरळ, काही न लपवता पाहिलं. श्रावस्तीची बोटं की-बोर्डवरच राहिली. पहिल्या दिवसापासून तयार असलेलं उत्तर आता ओठांवर येताना कसलं जड झालं होतं!

"तू रोज एक विचारायचास," ती म्हणाली. "आज नाही विचारणार?"

तो हसला.

"प्रसेनजित राजा... राहायचा कुठं?"

"श्रावस्तीत," ती म्हणाली.